स्त्रीचें चित्र आणि स्त्रीचा कागद

स्त्रीपुरुषसमतेचा विषय चार सुशिक्षितांच्या बैठकींत निघाला, कीं एक आक्षेप हटकून पुढें येतो. आक्षेप घेणारे गृहस्थ स्वभावानें सौम्य असतात. स्त्रियांविषयीं त्यांच्या मनांत अनादर नसतो. मुलीला त्यांनीं मुलाच्या बरोबरीनें शिकविलेलें असतें. ते इतकेंच विचारतात कीं, जुन्या काळच्या स्त्रियांना आपली स्थिति अन्यायाची वाटत होती याला पुरावा काय? त्यांनीं तसें लिहून ठेविलें आहे कोठें? हें सारें दुःख आजच्या लेखकांनीं त्यांच्या पदरीं बांधलेलें नाहीं कशावरून? प्रश्न सरळ आहे आणि इतिहासाच्या दृष्टीनें रास्तहि आहे. पुराव्यावांचून बोलूं नये हा दंडक आम्हांस मान्य आहे. महाविद्यालयांतील आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही तोच शिकवीत आलों आहों. परंतु पुरावा मागणाऱ्यानें पुरावा नाहींसा करूं नये, हाहि त्याच दंडकाचा भाग होय. आमचें म्हणणें असें आहे कीं, जुन्या स्त्रियांच्या लेखनाचा सांठा आज तुटपुंजा दिसतो याचें मोठें कारण सुशिक्षित घरांच्या आणि सुशिक्षितांनीं चालविलेल्या संस्थांच्या निवडींत आहे. या निवडींत स्त्रीचें चित्र हौसेनें जपलें गेलें आणि स्त्रीचा कागद टाकून दिला गेला.

प्रथम छापलेल्या कागदाची गोष्ट घेऊं. कारण छापलेलें पुस्तक नाहींसें होणें हस्तलिखितापेक्षां अवघड असतें. इ. स. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें अपिलांत ती कमी करण्यांत आली. या निमित्तानें वृत्तपत्रांतून सबंध स्त्रीजातीच्या नीतीवर टीकेची झोड उठली. तिला उत्तर म्हणून वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें लहानसें पुस्तक पुण्यांत छापवून प्रसिद्ध केलें. भाषा रोखठोक, बोलीचा ठसका असलेली. आणि विचाराची दिशा तर त्या काळाच्या मानानें विलक्षण. विधवाविवाह असावा कीं नसावा, मुलींना किती शिकवावें, येवढ्यापुरता वाद बहुतेक सुधारक करीत असतां या बाईंनीं मूळ मोजमापालाच हात घातला. जे दुर्गुण स्त्रीच्या माथीं मारले जातात ते पुरुषाच्या ठिकाणीं आहेत कीं नाहींत, आणि असल्यास शासन एकटीलाच कां, हें त्यांनीं एकेक दुर्गुण घेऊन विचारलें.

पुढें काय झालें? जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं ‘सत्सारा’च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंचा पक्ष घेतला. त्यानंतर पुस्तक जें दृष्टीआड झालें, तें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हां छापीपर्यंत. मध्यें त्र्याण्णव वर्षें गेलीं. त्या अवधींत मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिले गेले, निबंधांचे संग्रह निघाले, विद्यापीठांत मराठीचे अभ्यासक्रम आंखले गेले. ‘निबंधमाले’चीं पारायणें करणाऱ्या पिढ्यांना, तिच्याच मागोमाग पुण्यांतच छापला गेलेला हा निबंध ठाऊक नव्हता. ताराबाईंचें दुसरें पुस्तक आज आपल्यापुढें नाहीं. आणि तरी आम्ही विचारतों, त्यांनीं लिहिलें आहे कोठें!

यावर असें उत्तर देण्यांत येतें कीं, काळ हा निःपक्षपाती परीक्षक आहे. जें टिकण्याजोगें असतें तें टिकतें. हें उत्तर ऐकावयास भारदस्त आहे, पण त्यांत तथ्य फार थोडें आहे. काळ पुस्तकें चाळीत नाहीं. पुस्तकें ठेवणारा ग्रंथपाल असतो, नेमणारें अभ्यासमंडळ असतें, पुन्हां छापणारा प्रकाशक असतो आणि वारसांमध्यें वांटणी करणारा घरचा कर्ता पुरुष असतो. यांपैकीं प्रत्येकजण निवड करतो, आणि केलेल्या निवडीला मागाहून काळाचा निकाल असें नांव देतो. फुले यांच्या पुण्याच्या शाळेंतील मुक्ताबाई या मांग समाजांतील विद्यार्थिनीनें महारमांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त छापून आला. तो आज वाचावयास मिळतो, याचें श्रेय कोणा रसिकाच्या परीक्षणाला नाहीं. एका नियतकालिकानें तो छापला आणि त्या नियतकालिकाच्या फायली कोणीं तरी राखल्या, येवढ्यामुळें तो वांचला. त्या वर्गांतील इतर मुलींच्या पाट्या पुसल्या गेल्या, वह्या गेल्या. त्यांतील लेखन चांगलें होतें कीं सामान्य होतें, हें सांगण्याचा अधिकार आतां कोणालाच उरलेला नाहीं.

जें लेखन सुदैवानें राहिलें तें वाचलें कसें जातें, हेंहि पाहण्याजोगें आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. सामान्यतः त्या न्यायमूर्तींच्या चरित्राचें साधन म्हणूनच वाचल्या जातात. वास्तविक पुस्तकाच्या नांवांतच ‘आमच्या आयुष्यांतील’ असा शब्द आहे. त्या ‘आमच्या’मध्यें एक बाजू रमाबाईंची आहे. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांचीं बोलणीं खात एक मुलगी शिकत होती. पतीची इच्छा आणि माजघराचा धाक या दोहोंमध्यें रोज मार्ग काढीत होती. आणि हीच बाई पुढें पुणें सेवासदनासारखी संस्था चालविण्यास समर्थ झाली. हा सारा इतिहास त्या पुस्तकांत असतां, एका थोर पुरुषाची सावली येवढेंच रूप आम्ही त्यांतून उचलतों. महर्षि कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचें ‘माझें पुराण’ हें आत्मकथन १९४४ सालचें. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील ही पहिली विधवा विद्यार्थिनी. ध्येयवादी पुरुषाचा संसार करणाऱ्या बाईला त्या ध्येयाची किंमत कशी मोजावी लागते, हें तिनें कसलाहि आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. महर्षींचें नांव न ऐकलेला सुशिक्षित मराठी माणूस विरळा. त्यांतील कितीजणांनीं हें पुराण उघडून पाहिलें असेल, याचें उत्तर ज्याचें त्यानें मनाशीं द्यावें.

आतां चित्राकडे वळूं. कारण कागदाच्या बाबतींत हात आंखडता घेणारे आम्ही चित्राच्या बाबतींत कमालीचे उदार आहों. राजा रविवर्मा यांनीं १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला जीं दहा चित्रें पाठविलीं, तीं हिंदुस्थानांतील निरनिराळ्या समाजांच्या स्त्रियांचीं होतीं. पुढच्याच वर्षीं मुंबईंत त्यांचा छापखाना निघाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. आणि तेथून शकुंतला, दमयंती, लक्ष्मी, सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. कुलीन स्त्रीनें बसावें कसें, पदर कसा घ्यावा, विरहांत मान किती कलती ठेवावी, याचे पाठ दोन पिढ्यांनीं त्या भिंतींवरून घेतले. रविवर्म्यांच्या प्रतिभेविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु त्यांची धाकटी बहीण मंगलाबाई तंपुराट्टी हीहि चित्रकार होती आणि आपल्या बंधूचें व्यक्तिचित्र तिनें रंगविलें आहे, हें किती वाचकांना ठाऊक आहे? भावानें रंगविलेल्या स्त्रिया देशभर गेल्या. भावाला रंगविणारी बहीण देशाला अपरिचित राहिली. आमच्या मुंबईंत रावबहादुर धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई धुरंधर (१९१२–२००९) यांनीं चित्रकलेचें रीतसर शिक्षण घेऊन आयुष्यभर कुंचला हातांत ठेविला. पण त्यांचें नांव काढलें, कीं ऐकणाऱ्याला प्रथम त्यांच्या वडिलांचीं चित्रें आठवतात.

रंगभूमीवर तर हा प्रकार पराकोटीस गेला. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू पाहून घरंदाज स्त्रिया लुगडें नेसण्याची आणि केशरचनेची ढब उचलीत असत, हें सर्वश्रुत आहे. बालगंधर्वांच्या कलेला उणें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. तें धाडस मराठी माणूस करणारहि नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे. स्त्रीनें रंगभूमीवर पाऊल ठेवणें ज्या समाजाला अब्रूला बट्टा वाटत होतें, त्याच समाजानें स्त्रीत्वाचा आदर्श पुरुषाच्या अंगावर पाहिला आणि घरच्या स्त्रियांनीं तो गिरवावा हें त्याला स्वाभाविक वाटलें. स्त्रीची भूमिका कोणत्याहि अर्थानें निसर्गानें ठरवून दिलेली नसून ती शिकतां, शिकवितां आणि वठवितां येते, याहून उघड पुरावा समतेच्या पक्षाला तरी दुसरा कोणता हवा? हा पुरावा आमच्या जुन्या छायाचित्रांत आणि ध्वनिमुद्रिकांत धडधडीत समोर आहे. मात्र तीं आम्ही केवळ वैभवशाली काळाचीं आठवण म्हणून पाहतों.

चित्र आणि कागद यांतील हा पंक्तिभेद डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या बाबतींत फार स्पष्ट दिसतो. पेन्सिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं १८८६ सालीं घेतली आणि पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत त्या वारल्या. त्यांचें १८८५ सालचें छायाचित्र, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली यांच्यासह काढलेलें, आज जगभर प्रसिद्ध आहे. तें छायाचित्र आणि हिंदु आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावरील त्यांचा प्रबंध फिलाडेल्फियाच्या संग्रहांत जपून ठेविलेला आहे. कारण स्त्रियांसाठींच निघालेल्या त्या संस्थेला आपल्या विद्यार्थिनीचा कागद हा इतिहास वाटत होता. इकडे आनंदीबाईंचें मराठी चरित्र लिहिलें काशीबाई कानिटकरांनीं, आणि त्याला आधार होता तो जपलेल्या पत्रव्यवहाराचा. परंतु मराठी वाचकाला आनंदीबाई ठाऊक आहेत त्या बहुधा श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ सालच्या कादंबरीमुळें, तिच्या नाट्यरूपामुळें आणि २०१९ सालच्या चित्रपटामुळें. कादंबरी वाचनीय आहे. पण कादंबरी वाचून मूळ पत्रें पाहण्याची इच्छा ज्याला होत नाहीं, त्याला आनंदीबाई हव्या नसतात, त्यांची कथा हवी असते.

कोणी म्हणेल, हें सारें लिहितां येणाऱ्या मूठभर स्त्रियांविषयीं झालें. बहुसंख्य स्त्रिया निरक्षर होत्या, त्यांचा कागद असणार कोठला? आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तरहि योग्य मिळालेलें आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या केवळ ओव्या म्हणून टिपल्या नाहींत; कोणत्या गांवच्या कोणत्या बाईनें ओवी गायिली हेंहि नोंदविलें. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हें संकेतस्थळ त्या गायिकांच्या नांवानिशीं प्रसिद्ध करीत आहे. आजवर ओवी म्हटली कीं माहेर, बंधुराया आणि पंढरीचा विठोबा येवढेंच पाठ्यपुस्तकांतून आम्हीं मुलांपुढें ठेविलें. त्या संग्रहांत हें सारें गोड आहेच. पण मुलीच्या जन्माचा विषाद आहे, नवऱ्याच्या मारहाणीचा उल्लेख आहे, सीतेच्या वनवासाविषयीं रामाला विचारलेला जाब आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरांविषयींचा अभिमानहि आहे. ज्या स्त्रियांना पाटीपेन्सिल मिळाली नाहीं त्यांनीं पहाटेच्या काळोखांत आपलें निवेदन करून ठेविलेलें होतें. ऐकणाऱ्यानें गोड तेवढें टिपून घेतलें, तर तो दोष गाणाऱ्या बाईचा नव्हे.

आतां आमच्या वाचकांच्या घरांत येऊं. कारण या लेखाचा खरा रोंख तिकडेच आहे. घर रिकामें करण्याचा प्रसंग हल्लीं वारंवार येतो. वाडा पाडून इमारत उठते, वडील माणसें जातात, मुलें परदेशीं स्थायिक होतात. त्या वेळीं आजोबांचीं प्रशस्तिपत्रें, मानपत्रें, त्यांना थोरामोठ्यांनीं लिहिलेलीं पत्रें बाजूला काढलीं जातात. आजीच्या पेटींत निघते ती जमाखर्चाची वही, हळदीकुंकवाची यादी, लोणच्यामुरंब्यांचीं प्रमाणें, सुईणीला दिलेल्या पैशांची नोंद, आणि मधल्या पानावर कोणाला उद्देशून न लिहिलेल्या चार ओळी. ही पेटी रद्दीवाल्याकडे जाते. नऊवारी शालू आणि नथ तेवढी ठेवून घेतली जाते, कारण ती लग्नांत घालतां येते. दागिन्यांतली आजी राहते, वहींतली आजी जाते.

एक कागद मात्र कोणतेंहि घर हरवीत नाहीं. तो म्हणजे बहिणींनीं भावांच्या नांवें करून दिलेलें हक्कसोडपत्र. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीला बापाच्या मिळकतींत वांटा दिला. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि केंद्रानें २००५ सालीं वडिलार्जित एकत्र मिळकतींतहि तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. हक्क आला आणि त्याच्या पाठोपाठ हक्क सोडण्याचा दस्तहि आला. घरांतील स्त्रीच्या सहीची एरवीं ज्यांना गरज भासत नाहीं, ते या सहीचा कागद प्लास्टिकच्या पाकिटांत घालून तिजोरींत ठेवितात. स्त्रीचा कागद जपण्याची विद्या आम्हांस अवगत नाहीं असें यापुढें कोणी म्हणूं नये. कोणता कागद जपावा हें आम्हीं पुरतें ओळखलेलें आहे.

येथें दोन आक्षेप विचारांत घेतले पाहिजेत. पहिला खाजगीपणाचा. आजीनें स्वतःपुरतें लिहिलें, तें चारचौघांपुढें कां मांडावें? या शंकेंत सद्भाव आहे. परंतु जपणें म्हणजे छापणें नव्हे. कागद पन्नास वर्षें बंद ठेवावा अशी अट घालूनहि एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करतां येतो. शिवाय ही नाजूक जाणीव पुरुषांच्या पत्रव्यवहाराच्या वेळीं आड येत नाहीं, हेंहि लक्षांत घ्यावें. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समता कायद्यानें येते, नोकरीनें येते, शिक्षणानें येते; जुन्या वह्यांनीं ती कशी येणार? महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नांवांत आईचें नांव घालणें शासकीय कागदपत्रांत आवश्यक केलें आहे. मग राहिलें काय?

राहिलें तें हें. कायदा पुढच्या कागदावर आईचें नांव घालूं शकतो. मागच्या कागदावरून पुसलेलें नांव तो लिहूं शकत नाहीं. “आमच्या घरांत स्त्रियांना केवढा मान होता” हें वाक्य प्रत्येक घरांत ऐकूं येतें, आणि समतेच्या प्रत्येक मागणीला तें उत्तर म्हणून फेंकलें जातें. तें खरें कीं खोटें, हें ठरवावयाचें कशावरून? मुलाच्या शिक्षणावर किती खर्च झाला आणि मुलीच्या किती, दूध कोणाच्या वांट्याला आलें, औषध कोणासाठीं आणलें, बाळंतिणीला किती दिवस विसांवा मिळाला, हें सांगणारा साक्षीदार म्हणजे तीच रद्दींत गेलेली वही. ती हातीं असती तर कदाचित् तुमचें म्हणणें खरेंहि ठरलें असतें.

आम्ही हें मुद्दाम म्हणतों. कारण हे कागद समतेच्या कैवाऱ्यांना नेहमींच सोयीचे पडतील असें नाहीं. त्यांत सुनेला छळणारी सासू सांपडेल, विधवेची सावली टाळणारी सवाष्ण सांपडेल, परजातीच्या बाईला वरून पाणी घालून तोच आपला धर्म मानणारी गृहिणी सांपडेल, आणि आपल्या स्थितींत संतुष्ट असलेलीहि एखादी सांपडेल. तेहि कागद ठेवले पाहिजेत. आपल्या मताला पोषक तेवढेंच ठेवणारा आणि आपल्याला अडचणीचें तेवढेंच जाळणारा, हे दोघेहि सत्याचे सारखेच अपराधी होत. स्त्री ही माणूस आहे असें मानावयाचें, तर तिची चूक आणि तिचा संताप दोन्ही मूळ अक्षरांत राहूं दिलीं पाहिजेत. देवीचें चित्र करून तिला भिंतीवर टांगणें सोपें आहे. देवीला कोणी प्रश्न विचारीत नाहीं आणि तीहि कोणाला विचारीत नाहीं.

करावयाचें काय, हेंहि सांगणें प्राप्त आहे. जुन्या छायाचित्राच्या मागें प्रत्येक स्त्रीचें नांव लिहावें. ‘नानांच्या काकू’ असें न लिहितां तिचें माहेरचें व सासरचें, दोन्ही नांवें घालावीं. घरांत हयात असलेल्या वृद्ध स्त्रियांशीं बोलून तें बोलणें ध्वनिमुद्रित करावें, आणि तें करतांना घरच्या पुरुषांनीं बाहेरच्या खोलींत बसावें. वह्यांतील अशुद्ध लेखन सुधारूं नये. भ्रमणध्वनीवर पानाचें छायाचित्र काढलें म्हणून मूळ पान टाकूं नये. यंत्र चार वर्षांत मोडीत निघतें, चांगला कागद शंभर वर्षें टिकतो. स्त्रियांच्या इतिहासासाठीं ध्वनि आणि चित्र यांचा संग्रह करणारी ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ सालीं मुंबईंत स्थापन झाली. परंतु एक संस्था सबंध महाराष्ट्राच्या पेट्या उघडूं शकणार नाहीं. गांवोगांवच्या नगरवाचनालयांनीं स्त्रियांच्या हस्तलिखितांसाठीं एक कपाट राखून ठेवावें आणि त्याची सूचि करावी. महाविद्यालयांनीं विद्यार्थ्यांना ठराविक प्रकल्प देण्याऐवजीं घरांतील एका स्त्रीच्या एका वहीची नीट प्रत करावयास सांगावी.

यांपैकीं कशालाहि सरकारी अनुदान लागत नाहीं. लागते ती येवढीच समजूत कीं, जिनें घर चालविलें तिचा कागद हा घराचा कागद आहे. पुढच्या वेळीं माळ्यावरची पेटी खालीं येईल तेव्हां ती रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वीं उघडावी आणि आंतलें प्रत्येक पान निदान एकदां वाचावें. तेवढें केल्यावर, जुन्या स्त्रियांनीं लिहून ठेविलें आहे कोठें, हा प्रश्न खुशाल विचारावा.